सुखनगरीत मला जागा नाही

...आणि वर मलाच म्हणतात, "भावजी, खेळ आहे, मनाला लावून घ्यायचं नसतं!" अहो, कसं नाही लावून घ्यायचं? माझ्याच जेवणाच्या टेबलावर, चारचौघांत, माझ्या बायकोनं मला घराबाहेर ठेवलं... खऱ्या घराबाहेर नाही हो, गोष्टीतल्या! पण लाज ती लाजच ना? तुम्हाला सांगतो, सांगायलासुद्धा लाज वाटते!

त्याचं असं झालं, आमच्या मुलीला एक खूळ लागलंय, सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ. सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत, नुसतं टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं कुणीतरी व्हायचं आणि बोलत सुटायचं; अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, मोठा आकडा आला तर जमलं, छोटा आला तर फजिती! या रविवारी म्हणाली, "बाबा, आज लढाई नाही, राक्षस नाहीत. आज आपण सुखनगरी वसवायची. राजा नाही, कुलपं नाहीत, कुणाला कशाची ददात नाही." आणि नियम काय, तर प्रत्येकानं आपल्या पाळीला नगरीत काहीतरी घालायचं, आणि एकदा बोललं ते कुणी खोडायचं नाही! फक्त पुढे जोडायचं.

आता मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर जन्म काढलेला माणूस, मला गप्प बसवतंय होय? म्हटलं, "नगरी झकास आहे, पण गटारं कोण उपसणार?" तर मेहुणा, बँकेत असतो, तो लगेच, "सगळे पाळीपाळीनं, भावजी! टाका फासा!" टाकला. आकडा छोटा! गटारं उपसायची पहिली पाळी कुणाची आली? माझी!

तेही सोसलं हो. मग खेळात हिची बोलायची पाळी आली. एरवी ही दोन शब्दांत उरकते. त्या दिवशी डोळे मिटले आणि म्हणाली, "टेकडीवर माझं छोटंसं घर आहे. एकटीचं."

एकटीचं! मेहुणा फाशाकडे बघतोय, मुलगी कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या नगरीच्या नकाशाकडे, आणि मी आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे. हसून साजरं केलं. म्हटलं, खोडता येत नाही ना, मग जोडतो! "आणि त्या घरात एक जादा खोली आहे." ही लगेच, "आणि ती पुस्तकांनी गच्च भरलीय." "आणि... आणि अंगणात एक बाक आहे!" "आणि त्याला आजच रंग दिलाय, ओला आहे." जिथं कुणाला कशाची ददात नाही, तिथं मला बूड टेकायला जागा नाही! सांगायलासुद्धा लाज वाटते!

शेवटी विचारलंच, "अगं, पण का?" तर शांतपणे म्हणते, "अहो, राग नाही. तिथं सकाळी उठून कुणी 'अगं, माझा चष्मा कुठंय' म्हणणार नाही, इतकंच." म्हटलं, "मी असं कधी म्हणतो?" आणि... काय सांगू तुम्हाला... त्याच तोंडानं पुढे म्हटलं, "अगं, माझी पेन्सिल कुठं गेली?" कानावर होती! मेहुणा खोकल्याचं निमित्त करून गॅलरीत गेला.

पण खरी लाज पुढेच आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, आता तुमचं घर सांगा. हवं ते मागा." बघा, सगळं जग मोकळं! महाल मागावा, उडती नाव मागावी... आणि माझ्या तोंडून काय निघावं? "तीन खोल्या. कुरकुरणारा पंखा. आणि आत स्वयंपाकघरात... ही." दुसरं काही सुचेचना हो! अख्खी सुखनगरी समोर पडलेली, आणि मी तिथंही हिला ओट्यापाशीच नेऊन उभं केलं! कान तापले माझे. खरंच, सांगायलासुद्धा लाज वाटते!

हिनं माझ्याकडे पाहिलं. खोडायची तर सोय नाही! मग म्हणाली, "आणि ती तिथं पाहुणी म्हणून येते. चहा तो करतो. जमला, तर ती आत येऊन बसते."

अहो, जीव भांड्यात पडला माझा! चहाच ना? त्यात काय एवढं! मुलगी म्हणाली, "टाका फासा." फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं, टाकला... एक! वीस बाजूंच्या फाशावर एक! मुलीनं जाहीर करून टाकलं, "चहा उतू गेला. आजचा खेळ इथंच थांबवू."

म्हणजे आता पुढच्या रविवारपर्यंत सुखनगरीत सगळे सुखात आहेत, ही दारात उभी आहे, आणि मी ओटा पुसतोय!