सातव्या फेट्याचं टोक

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. आणि तो माईक कोणीतरी बारीक करा. मघापासून शिट्टी मारतोय, माझ्यापेक्षा त्याचंच कीर्तन जास्त ऐकू येतंय. हां, आता बरं. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या.

एका माणसानं पाप केलं. साधंसुधं नाही — लेकराच्या अंगाला हात लावायचं पाप. खटला चालला, गुन्हा शाबीत झाला, दहा वर्षांची सजा झाली. सजा भोगून माणूस घरी आला. आता सांगा, त्याच्याकडं जाऊन आपण चहा प्यायलो तर आपलं काय चुकलं? पाप त्याचं, सजा त्यानं भोगली. आपण नुसता चहा प्यायलो — तोही बिनसाखरेचा!

पुढं बसलेले आजोबा मान हलवतायत. आजोबा, हो म्हणताय का नाही म्हणताय? ... दोन्ही! म्हणजे माझ्यासारखेच आहात. मलाही पुष्कळ वर्षं ह्याचं उत्तर येत नव्हतं. ते मला एका फेटेवाल्यानं दिलं.

नावं मी बदललीत. गावाचं नाव तर सांगणारच नाही, कारण गाव कळलं की त्या लेकीचं नाव शोधून काढायला आपल्याला वेळ लागत नाही. तिला आपण ताई म्हणू. फेटेवाल्याला केरबा म्हणू. आणि त्या माणसाला जयवंतराव.

तर केरबा! साठी उलटलेला माणूस, अंगानं सुपारीएवढा. पण तालुक्यातलं एकही मोठं डोकं त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलं नाही. लग्न असो, सत्कार असो, फेटा केरबाचाच. आमदार कोणापुढं वाकत नाहीत, पण केरबापुढं मान खाली घालायचे. घालावीच लागते, नाहीतर फेटा बसत नाही. केरबा मला सांगायचा, "बुवा, निवडून आल्यावर आमदारांच्या डोक्याचा घेर बोटभर वाढला. मी हातानं मोजलंय." हसताय काय? खरं आहे ते!

आता फेटा म्हणजे नऊ-दहा मीटर कापड. डोक्यावर चढवायच्या आधी त्याच्या चुण्या घालाव्या लागतात, आणि त्यासाठी समोरून कोणालातरी टोक ताणून धरावं लागतं. एकट्याचं काम नाही. त्या गावात ह्याची एक रीत होती. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याचं कीर्तन झालं की मानाचे फेटे बांधायचे. पहिल्याचं टोक देवळाचा गुरव धरणार. पहिल्याला फेटा बांधून झाला की त्यानं उठायचं आणि दुसऱ्याचं टोक धरायचं. दुसऱ्यानं तिसऱ्याचं. आणि नुसतं धरायचं नाही — सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणायचं, "हा आमचा." दोनच शब्द. ते म्हटल्याशिवाय केरबा पहिली चुणी घालायचा नाही. त्याच्या आज्यापासून चालत आलेलं.

आता जयवंतराव. मोठं घराणं, नदीकाठचा मळा, मळ्यात बंगला. मुलींच्या वसतिगृहाचे अध्यक्ष होते. पुढचं मी उघडून सांगत नाही, समोर लेकरं बसलीत. ताई तेव्हा नववीत होती. वसतिगृहात पुष्कळ मुली होत्या, पण कोर्टात उभी राहून बोलली ती एकटी. वकिलानं दोन दिवस उलटसुलट विचारलं, पोरगी तिसऱ्या दिवशीही तेच बोलली. मग शिकली, नर्स झाली, आणि फिरून त्याच गावाच्या दवाखान्यात आली. लोक म्हणाले, दुसरीकडं बदली घे. ती म्हणाली, "मी का घेऊ?"

दहा वर्षांनी जयवंतराव सुटून आले. पहिलं वर्ष कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या वर्षी एकदोन गाड्या मळ्याच्या मागल्या वाटेनं जायला लागल्या. तिसऱ्या वर्षी पुढच्या वाटेनं! थंडीत हुरडा पार्टी. आमदार आले, कारखान्याचे चेअरमन आले, डॉक्टर आले, एक निवृत्त फौजदार आले, सरपंच आले. आणि मंडळी, एक कीर्तनकारही गेला होता. शेंगदाण्याची चटणी फार छान होती. कोणी कोणाला काही विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, एवढे मोठे लोक आलेत म्हणजे सगळं ठीकच असेल. आमदार चेअरमनकडं बघून आले, चेअरमन डॉक्टरकडं बघून, आणि डॉक्टर बुवाकडं बघून. ज्याच्या त्याच्याजवळ दुसऱ्याचा दाखला!

मग जयवंतरावांनी देवळाला सभामंडप बांधून दिला. झालं! कमिटीनं ठरवलं, ह्या काल्याला त्यांना मानाचा फेटा. सहा नावं होती, सातवं घातलं. पत्रिका छापून आल्या. यादी केली, हार सांगितले, खुर्च्या मांडल्या — आणि टोकाचा विचारच कोणी केला नाही! रोजच्या सवयीची रीत माणसाला दिसेनाशी होते, तसं झालं.

आदल्या दिवशी सकाळी यादी केरबाच्या हातात आली, त्याच वेळेला ताई त्याच्या ओसरीवर बसलेली. केरबाला साखर होती, पायाला जखम झालेली, ताई एक दिवसाआड येऊन पट्टी बदलायची. दोघांची चेष्टा चालायची. केरबा म्हणायचा, "ताई, तुझी न् माझी विद्या येकच. तू पायाला गुंडाळतीस, मी डोक्याला." त्या दिवशी केरबा नुसता यादीकडं बघत बसला. ताईनं विचारलं, "काका, पाय दुखतोय का?"

"न्हाई."

"मग?"

केरबानं यादी तिच्यापुढं धरली. तोंडानं सांगवेना त्याला. ताईनं शेवटचं नाव वाचलं. पट्टी अर्धी झालेली, ती तिनं पूर्ण केली, गाठ मारली, कात्री पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "उद्या मी पंगतीला वाढायला येणार होते. नाही येत आता. बायकांना सांगा, माझी ड्यूटी लागली."

मंडळी, ती चिडली असती तर केरबाला सोपं गेलं असतं. पण ती इतकी सवयीनं बोलली, की म्हातारा तिनं मारलेल्या गाठीकडंच बघत राहिला. किती ठिकाणी ह्या पोरीनं ड्यूटी लागली म्हणून सांगितलं असेल! सजा त्याची दहा वर्षांत संपली. हिची अजून चालूच!

केरबा बोलून गेला, "ताई, तू ये. मी सांगतोय म्हणून ये. उद्या मांडवातनं तुला उठावं लागणार न्हाई."

ताईनं त्याच्याकडं बघितलं. "काका, शब्द देऊ नका. तुमचा मुलगा कारखान्यात आहे."

"त्ये मला ठावं हाय. तू ये."

ती गेली, आणि केरबाची बायको हौसाबाई चुलीपासून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलेलं. म्हणाली, "शब्द दिलासा खरा. पर करणार काय?"

केरबा म्हणाला, "न्हाई म्हाईत." आणि अगदी खरं तेच होतं. दिवसभर तो फेट्यांचं कापड उन्हात पसरून बसला आणि विचार करत राहिला. यायचं नाही म्हणावं, तर कमिटी दुसरा फेटेवाला आणेल. भांडावं, तर धक्के मारून बाहेर काढतील, वर ताईचं नाव चारचौघांत निघेल. मुलाची नोकरी डोळ्यापुढं यायची. मग ताईनं मारलेली ती गाठ आठवायची. शेवटी कंटाळून म्हणाला, पांडुरंगा, मला दुसरं काही येत नाही, मी फेटा बांधायला जातो. तेवढंच नीट करतो.

काल्याचा दिवस. दहीहंडी फुटली, लाह्या वाटल्या. पलीकडं खीर शिजतेय, वास सगळ्या मांडवात. बायका वाढायला तयार, आणि त्यांच्यात ताई — आलेली! पदर खोचलेला, हातात खिरीची बादली. केरबानं एकदा बघितलं आणि पुन्हा कापड मोजायला लागला. मला तो नंतर म्हणाला, "बुवा, ती आली न्हवती तवर मला पळायला वाट हुती."

फेटे सुरू झाले. गुरवानं टोक धरलं, "हा आमचा" — आमदारांना फेटा. आमदारांनी धरलं, चेअरमनना. मग डॉक्टर, फौजदार, सरपंच. टाळ्या, फोटो. सरपंचांनी टोक धरलं आणि सहाव्याला बांधला. सातवे जयवंतराव पांढऱ्या कडक कपड्यांत येऊन खुर्चीवर बसले. हसून मान खाली घातली.

केरबानं कापड झटकलं. एक टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि दुसरं पुढं केलं. कोणापुढं? सहाव्यापुढं! सहावा कोण होता, विचारा की. अहो, सहावा मीच होतो! हे तुमच्यापुढं उभं आहे ते ध्यान! नवाकोरा गुलाबी फेटा माझ्या डोक्यावर.

केरबा म्हणाला, "बुवा, टोक."

आणि मी काय केलं माहीत आहे? डोळे मिटून नामस्मरण चालू केलं. उभ्या जन्मात इतक्या मनापासून कधी नाम घेतलं नव्हतं! केरबा पुन्हा म्हणाला, "बुवा, टोक धरा." मी म्हटलं, केरबा, टाळ वाजवून हात भरून आलाय. लाज वाटते सांगायला, पण खोटं कशाला बोलू? हुरड्याला हाच हात चांगला चालला होता.

केरबानं सरपंचांकडं बघितलं. सरपंच कोणाला तरी पाणी आणायला सांगायला उठले. डॉक्टरांना फोन आला, फोन वाजलाच नव्हता तरी आला. शेवटी आमदार चिडून उठले. टोक हिसकून घेतलं. "आण इकडं. बांध."

केरबा म्हणाला, "म्हणावं लागतंय सायेब."

आमदार म्हणाले, "हा..." आणि वर बघितलं. समोर बायकांची रांग. ताई बादली घेऊन उभी. ती कोणाकडं रागानं बघत नव्हती. नुसती बघत होती, पंगत कधी बसतेय म्हणून बघतात तशी. ह्याच आमदारांच्या आईला तिनं शेवटचे सहा महिने इंजेक्शनं दिलेली. तो एक शब्द त्यांच्या तोंडात आला आणि तिथंच राहिला.

केरबाच्या पायाची जखम ठणकत होती. पण आवाज अगदी साधा. "घाई न्हाई सायेब. सावकाश म्हणा."

आमदार हळू आवाजात म्हणाले, "केरबा, सजा भोगून आलाय माणूस. माफ करायचं का नाही कधी?"

आता हे ऐका. आम्ही पोथ्या वाचलेले सगळे गप्प बसलो होतो आणि हा चौथी नापास फेटेवाला बोलला. "माफी तुमची-माझी न्हाई सायेब. जिची हाय तिची हाय. माझ्या खिशात असती तर आत्ता दिली असती." मग जयवंतरावांकडं वळून म्हणाला, "रावसायेब, तुमी कधी मागितली का तिला?"

नाव घेतलं नाही. तिच्याकडं नजरही टाकली नाही.

जयवंतरावांनी मान वर केली. त्या क्षणी ते नुसतं "नाही" म्हणाले असते, तरी मांडव विरघळला असता मंडळी! आपल्या लोकांचं काळीज मऊ असतं. पण ते हसले आणि म्हणाले, "कशाची माफी? सगळं राजकारण होतं ते. मला अडकवलं होतं."

आमदारांच्या हातातून टोक सुटलं. त्यांनी सोडलं का आपोआप सुटलं, मला सांगता येणार नाही. कापड सतरंजीवर पडलं. केरबानं ते सावकाश गोळा केलं, घडी घातली, कोपरावर टाकली आणि म्हणाला, "टोक धराय माणूस न्हाई. फेटे सहाच झाले. आता पंगत बसवा, खीर निवतीया."

बस! एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. जयवंतराव उघड्या डोक्यानं उठून गाडीकडं गेले. त्यांच्यामागं कोण गेलं? कोणीच नाही! कारण खिरीचा वास येत होता. मी स्वतःला फसवत नाही, काही जण खिरीसाठीच थांबले.

पंगत बसली. ताई बादली घेऊन रांगेनं वाढत आली. आमदारांना वाढलं. ते पानातून वर बघेनात. मला वाढलं, म्हणाली, "बुवा, घ्या अजून." मी पानावर आडवा हात धरला. आणि शेजारी केरबा बसलेला, तो साखरेचा रोगी! ताईनं त्याच्यापुढं बादली थांबवली आणि दटावलं, "काका, अर्धी वाटीच." केरबा म्हणाला, "आज पट्टी दुप्पट बांध, पर वाटी पुरी घाल." ताई हसली. अहो, त्या पोरीला गावच्या मांडवात हसताना मी पहिल्यांदा बघितलं. पुरी वाटी घातली तिनं. केरबानं बोटं चाटून खाल्ली.

पुढं काय झालं म्हणता? मुलाची नोकरी? दोन महिने घाबरत काढले, नोकरी राहिली. आमदारांच्या घरच्या लग्नात मात्र केरबाला बोलावलं नाही. शहरातून तयार फेटे आणले, आणि अक्षता पडायच्या आत निम्म्या वऱ्हाडाच्या डोळ्यांवर आले! केरबाला मी विचारलं, वाईट वाटलं का रे? म्हणाला, "कशाचं? मी झ्याक झोपतोय बुवा." मला त्याचा हेवा वाटतो, आजही वाटतो.

तर आजोबा, आता मान एकाच बाजूला हलवा. तुम्हालाही कधीतरी बोलावणं येईल. हुरड्याचं येईल, वास्तुशांतीचं येईल, एखादा मोठा माणूस म्हणेल, चला, सगळे आहेत. त्या माणसाशी कधीच बोलू नका असं मी म्हणत नाही. तो आजारी पडला तर त्याला पाणी द्या, मेला तर खांदा द्या. पण पंगतीला बोलावलं, शेजारी बसून फोटो काढायला बोलावलं, तर निघायच्या आधी एक करा. गावात कुठंतरी एक दार असतं, त्या दाराच्या आत ती लेक असते. तिथं जा, उंबऱ्याबाहेर उभे राहा आणि तिच्या तोंडाकडं बघून सांगा, "बाई, मी त्यांच्याकडं जेवायला चाललोय."

सांगता आलं, तर खुशाल जा. नाही सांगता आलं, तर इथं या. जागा आहे, टाळ आहेत, आपण मिळून देवाचं नाव घेऊ. चला, उचला टाळ!