बाबा, अजून!

ऊमेओ शहरातल्या वाहन तपासणी केंद्रात बसलेल्या साठीच्या गुन्वोरला समोरच्या बाकावरचं बोलणं ऐकू येत होतं. एक म्हातारे गृहस्थ होते आणि एक तरुण मुलगी.

“काका, ती लांबलचक लाल गाडी तुमची? टर्बो आहे ना?”

“टर्बोची शिट्टी ऐकलीस वाटतं!”

“अहो, अंगावर काटा आला! किती जुनी?”

“तीस वर्षं. आम्ही सातजण मावायचो. धाकटी मागच्या उलट्या सीटवर. चढावर पाय दाबला की शिट्टी घुमायची आणि ती ओरडायची, ‘बाबा, अजून!’”

“आता कुठे असते?”

“लिस्बनला. बाकीचेही लांबच.”

“मग एकट्याला एवढी गाडी कशाला?”

“नव्या गाड्या फार गप्प असतात गं. घरीही तेच.”

“नॉर्डलुंड, गाडी पास!” आतून हाक आली, तसे गृहस्थ उठले.

“चल, एक चक्कर मारू. शिट्टी ऐकवतो.”

“आवडलं असतं काका, पण माझी गाडी अजून आत आहे.”

“बरं, बरं.” ते टोपी घालून निघाले.

गुन्वोरची गाडी तासाभरापासून बाहेर तयार उभी होती. तिने हातातली किल्ली खिशात टाकली.

“मी येऊ?” ती म्हणाली. “माझी बस चुकलीय.”