सहा कपांची किटली

मायामीतल्या भांड्यांच्या दुकानात मिर्ता रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोघी मायलेकींची जुंपली होती.

"आई, कॉफीला सहा कपांची किटली कशाला? बाबा गेल्यापासून एकटीच तर पितेस. ही एका कपाची घे."

"नको."

"बरं, मोठी घे, पण अर्धीच भरत जा."

"हिच्यात वाफेच्या जोरानं पाणी कॉफीच्या भुकटीतून वर चढतं; अर्धी भरली की कॉफी पाणचट होते. माझ्या घरात ते चालायचं नाही."

"मग उरलेली ओतून देणार?"

"ओतते कशाला? खिडकीतून शेजारच्या ओदालिसला हाक मारीन. एवढी केली की कुणाला तरी बोलवावंच लागतं."

"आणि ती घरी नसली तर?"

"तुला फोन करीन, यानेली. पहिल्या रिंगला उचलायचा. कॉफी थांबत नाही."