धोतर आणि तलवारींचं कडं

हसू नका, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. मोबाइलवर आम्ही स्पेनकडच्या बास्क लोकांचा तलवारनाच पाहिला. देवाच्या सणाला ते एकमेकांच्या तलवारीचं टोक धरून नाचतात, आणि कडं शेवटपर्यंत तुटू देत नाहीत. पांडेसऱ्याच्या मिलमधले आम्ही आठ जण हट्टालाच पेटलो. चंपाषष्ठीला खंडोबापुढे हाच नाच करायचा, लाकडी तलवारी घेऊन. दोन महिने पाळी सुटली की सराव केला.

सणाच्या दिवशी डिंडोलीतल्या देवळापुढे नाच ऐन रंगात आला आणि माझं धोतर सुटायला लागलं. एका हातात माझी तलवार, दुसऱ्या हातात शेजारच्या सुभाषच्या तलवारीचं टोक.

“सुभाष, धोतर चाललं.”

“जाऊ दे. हात सोडू नको, कडं तुटेल.”

“समोर सासरची माणसं बसलीत रे.”

“मग सगळे आत सरका, याला झाका,” तो इतरांना म्हणाला.

आठही जण खांद्याला खांदा चिकटवून नाचलो. धोतर घोट्यापर्यंत आलं, पण हात कुणीच सोडला नाही.

नाच संपल्यावर पुजारीबाबांनी विचारलं, “शेवटी सगळे जवळ आलात, ती चाल त्या लोकांचीच का?”

मी धोतर खोचत म्हणालो, “नाही बाबा, ती आमची.”