अंगठ्याला हळद लागली

रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या बोटीची वाट बघताना जे ऐकलं, ते मैत्रिणींना सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही! शेजारी आवडाबाई बसल्या होत्या, मांडीवर चार वर्षांची मनी, अंगठा तोंडात. समोर त्यांच्याच गावच्या जहुराबी.

"अगो, पोरीचा अंगठा सोलवटलाय की!"

"काय करू, बी? रगात येतं, तरी सोडत न्हाय. कडुनिंब लावला, कोरफड लावली. सगळं चाटून खाल्लं!"

"बाचक्यात काय हाय?"

"भावाचं लगीन हाय ना मुंबईला. हळद नेतेय, घरात कांडलेली."

"काढ चिमूटभर."

"लग्नाची हळद, बी!"

"एका चिमटीनं तुझा भाऊ कोरडा न्हाय राहायचा! मने, इकडं बघ. तुझ्या अंगठ्याचंपण लगीन ठरलंय."

"खरं?"

"तर! ही लागली हळद. आता नवरदेव घराभायेर हिंडतो का?"

"न्हाय! आजी वरडते."

"मग तोंडात शिरतो का?"

"न्हाय! हळद पुसंल!"

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. मनी दचकली. पिवळा अंगठा वर गेला, ओठांपाशी थांबला, खाली आला. मी टाळी वाजवणार, तोच डावा अंगठा तोंडात!

"बघा, बी! बघा! हिच्यापुढं मी हात टेकले."

मनीनं डावा अंगठा बाहेर काढला, आईच्या पदराला नीट पुसला आणि पुढे केला.

"आये, हिलापण लाव ना. ही नवरी!"