नाकाचा शिक्का

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर सातवा होता. शेजारच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची सून बसले होते.

"मामंजी, काल दूध करपून पातेलं काळं झालं आणि तुम्ही शेजारीच पेपर वाचत होतात. कधीपासून वास येत नाही तुम्हाला?"

"हळू बोल. मागच्या वर्षीच्या तापापासून."

"अहो, मग कारखान्यात रबर कसं तपासत होतात?"

"नुसतं नाकाशी धरायचो आणि शिक्का मारायचो. पेट्रोलमध्ये टिकणारं रबर वासावरून ओळखण्यात माझं नाव होतं ना. खरं तर रबराची रिंग रात्रभर पेट्रोलच्या बरणीत बुडवून फुगते का बघायचं, असा नियम आहे. पण साहेबच म्हणायचे, तुमचं नाक असताना बरणी कशाला?"

"म्हणजे त्या पंपातल्या रिंगा फुगून पेट्रोल गळलं, तो माल..."

"माझ्याच शिक्क्याचा."

"पण कामावरून काढलं तर पॅकिंगवाल्या काकांना! चोर म्हणून!"

"साहेब म्हणाले, माझा शिक्का चुकणार नाही. म्हणजे चांगल्या रिंगा काढून त्यानेच साध्या रबराच्या भरल्या, असं ठरलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"साहेबांनी त्यालाही विचारलं होतं, माझं नाक चुकलं असेल का म्हणून. तो म्हणाला, माझी नोकरी गेली तरी यांच्याबद्दल तसं म्हणणार नाही."

"आज तरी खरं सांगा."

"काका, तुमचा नंबर," दवाखान्यातल्या मुलीने हाक मारली. "कागदावर लिहायचंय, वास जाऊन किती दिवस झाले?"

"झाले असतील... आठेक दिवस."

"मामंजी, तुम्ही जा आत. मी बाहेर थांबते."