वाचनाचं गाळप

माझं नाव शालन. माहेर पळसदेवचं, सासर हितं, नरसिंहपूरच्या रस्त्याला, पन गावाचं नाव लिहू नगा, का ते मागनं सांगते. वडील उजनीच्या पान्यात जाळं टाकायचे, आमी सगळी पान्याच्या काठाला वाढलेली लेकरं. उन्हाळ्यात होडी डांबर लावायला पालथी घातलेली असायची, तिच्या सावलीला मी पुस्तक घिऊन बसायची. शाळंत एक कपाट व्हतं, आमच्या बाई त्याला कुलूप लावत नसायच्या, म्हनायच्या न्या कुनीबी, तेवढं परत आना. त्या बाईंनी मला कधी इचारलं न्हाय की शालन काय वाचलंस, काय शिकलीस त्यातनं. कधीच न्हाय. परत नेऊन दिलं की नुसतं माझ्या तोंडाकडं बघायच्या आन दुसरं काढून द्यायच्या. असं मानूस मला पुन्हा भेटलं न्हाय बगा.

नववीत लग्न ठरलं. हितं आले तर घरात दहा तोंडं, उसाला पानी, म्हशीच्या धारा, पुढं मालकांनी पेरूची बाग लावली तर पेरू. काय सांगू तुमाला, बाईच्या जातीचं घरात सगळं वाटून जातं. भाकरी थापली तर ती दुसऱ्याच्या ताटात, पातळ घेतलं तर नंदंला आवडलं, दुपारी टेकावं म्हनलं तर कोन तरी हाक मारतंय. एक पुस्तक तेवढं असं व्हतं की ते मी उघडलं का तिथं मीच. कुनाला वाढायचं न्हाय, कुनाला इचारायचं न्हाय. गावात वाचनालय हाय, जुनं हाय, ग्रामपंचायतीच्या माडीवर, तितनं आनायची. मालक म्हनायचे, वाच की, कोन नको म्हनतंय. एवढं सुख व्हतं मला. लई मागितलं न्हवतं मी.

आन ह्या लोकांनी ते बी ठिवलं न्हाय!

ऐका आता. आमच्या गावातले दत्तू तात्या, कारखान्यात वजनकाट्यावर व्हते जन्मभर. उसाच्या गाड्या यायच्या, तात्या वजन करायचे. रिटायर झाले आन वाचनालयाचे अध्यक्ष झाले. मानूस वाईट न्हाय हो, दारू न्हाय, भानगड न्हाय, पन काटा काय डोक्यातनं गेला न्हाय. आल्या आल्या म्हनले, गावात वाचन कमी झालंय, आपन हंगाम सुरू करू. कशाचा हंगाम म्हनलं, तर वाचनाचा! कारखान्यात हंगाम सुरू करताना मोळी टाकत्यात बगा, उसाची पयली मोळी, पाव्हन्यांच्या हातनं, नारळ फोडून? तर ह्यांनी पुस्तकांची मोळी बांधली. सुतळीनं. करकचून. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, फटू काढले. त्या सुतळीनं पुस्तकाच्या कडा चिरल्या, मी बघत व्हते. पन बोलायचं कसं, टाळ्या चाललेल्या.

मग चौकात फळा लावला. कारखान्याच्या फाटकावर लिहित्यात न्हवं, आजचं गाळप एवढं, आजपातूर एवढं, तसं. वाचकाचं नाव, पुस्तकाचं नाव, पानं किती झाली. रोज सांच्याला तात्या फोन करनार, शालनबाई, आज किती? जसं काय मी म्हैस हाय आन मला इचारत्यात आज दूध किती. आन पुस्तक संपलं की त्याचं तात्पर्य लिहून द्यायचं, दोन वळीत. म्हनले, उसातनं साखर निघती तसं पुस्तकातनं काय निघालं ते दिसाया नको का? मी म्हनलं, तात्या, ऊस चरकात घातल्यावर मागं काय ऱ्हातं? त्यांना काय कळलं न्हाय, हसले.

बरं, बाकीच्या बाया हुशार. त्या चार दिस नुसती पानं उलटून पुस्तक नेऊन द्यायच्या, मग यायच्याच बंद झाल्या. मला ते जमंना, मी खरंच वाचत बसले, आन गावात आधीपासनं वाचनारी म्हनून माझंच नाव फळ्यावर वर गेलं. वर गेलं की मानसं इचारायला लागली. दळनाला गेलं तर इचारतंय, बँकेत गेलं तर इचारतंय, काय शालनबाई, कितवं चाललंय? आमच्या जावंला राग, तिला वाटतंय ही काम टाळती. मालक, ज्यांनी कधी नको म्हनलं न्हवतं, तेबी म्हनाय लागले, आज वाचलं न्हाईस का गं, फळ्यावर खाली यिशील. आता सांगा! माझ्याच घरात!

मग मी बी पळाय लागले. पान वाचायचं आन कोपऱ्यात आकडा बघायचा. जाडं पुस्तक बघितलं की नको वाटायचं आन बारीक अक्षर बघितलं की भ्या वाटायचं. एखाद्या ठिकानी थांबावं, परत मागं जाऊन वाचावं, तर आतनं कोन तरी म्हनायचं, चल पुढं, चल पुढं, मागं गाड्या लागल्यात. रसाचा घोट तोंडात न्हाय, नुसता चोथा.

त्या वर्षी बारामतीला कालेजात मला आदर्श वाचक म्हनून बोलावलं. तात्यांनीच जमवलं ते. मोठा हॉल, पंखे, बुके, शाल. एस्टीनं गेलो आमी, डेपोपासनं रिक्षा केली, तात्यांनी नवी टोपी घातलेली. स्टेजवर एक बाई व्हत्या, चांगल्या व्हत्या, त्यांनी इचारलं, ताई, आत्ताच वाचलेल्या कादंबरीतली कोनती बाई तुमाला जवळची वाटली? तर मला नाव आठवंना. नाव सोडा, ती बाई कशी व्हती, गोरी का सावळी, जगली का मेली, काय न्हाय. सगळं पुस्तक मी उलटं-सुलटं केलेलं आन माझ्याकडं एक मानूस शिल्लक न्हाय. मी उभी तशी उभी. आन काय केलं असंल लोकांनी? टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं ताई लाजली. माझ्या डोळ्याला पानी आलं तर तात्या माईकवर म्हनत्यात, बगा, गहिवरून आलं. मला असा संताप आला, असं वाटलं ती शाल काढून त्यांच्या टोपीवर टाकावी.

घरी आले, पुस्तकं उचलली आन वाचनालयात नेऊन दिली. म्हनलं झालं.

मग तुमाला सांगते, वरीस गेलं, दुसरं निम्मं गेलं. पुस्तक हातात घेतलं की अक्षरं दिसायची, वाचता यायची, पन आत जायला दार न्हाय. पयल्यांदा वाटलं डोळं गेले, इंदापूरला जाऊन चष्मा बदलला. चष्मा चांगला, सगळं लख्ख दिसतंय, पन आत काय शिरंना. लोक सांगायचे, मोबाईल बगा, मोबाईलवर गोष्टी ऐका, लेकीनं पुन्यातनं एक पुस्तक पाठवलं, रोज पहाटं उठून मोठं कसं व्हायचं त्याचं. मी रोज पहाटंच उठते, बाई, म्हशी हायत मला! दुपारी टेकले की भिंतीकडं बघत पडायची. आन कुनाला सांगायची सोय न्हाय. दागिना हरवला तर बायका शोधू लागत्यात, हे हरवलं तर कोन म्हनतंय काय हरवलंय. हसत्याल. पन माझं घर गेल्यागत झालं व्हतं मला, अगदी खरं सांगते.

आता पेरूचं ऐका. आमच्या शेडमधी तोड्याचा माल येतो, मी, आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई, आन दोन बाया, आमी निवडतो, क्रेटात खाली कागद घालून भरतो. कागदाला रद्दी आनत्यात मालक इंदापुरातनं. त्या दिवशी रद्दीत एक पुस्तक आलं. वरचं पुठ्ठं न्हाय, पयली पानं न्हाईत, नाव न्हाय, लिहिनाऱ्याचं नाव न्हाय. मी फाडाय म्हनून उघडलं. त्यात लिहिलेलं, तिनं दारावर थाप मारायला हात उचलला आन तसाच खाली घेतला. बस, एवढंच. माझा हात थांबला. म्हनलं, का घेतला खाली? पुढची वळ वाचली. मग मागं गेले, तितनं वाचलं. आत्याबाई म्हनाल्या, शालन, कागद दे की, पेरू वाट बघत्यात. मी म्हनलं, थांबा. जन्मात पयल्यांदा मी त्यांना थांबा म्हनलं.

त्या म्हनल्या, काय हाय त्यात एवढं, आमाला बी सांग. मी मोठ्यानं वाचलं. एक बाई हाय, तिचा भाऊ तिच्याशी बोलत न्हाय, ती त्याच्या दारात आलीया. एवढीच गोष्ट. आता आत्याबाईंना अक्षर येत न्हाय, पन देवळात श्रावनात पोथी लागती तिथं त्यांचा मान हाय. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं थांबवून तिचा अर्थ सांगायचा, तसं त्या जन्मभर सांगत आल्यात. तर त्यांनी हितं बी तेच सुरू केलं. मी एक वळ वाचली की हात वर, थांब. म्हनजी बगा पोरींनो, तिनं हात खाली का घेतला, तिला भ्या न्हाय वाटलं, तिला वाटलं ह्यानं दार न्हाय उघडलं तर मी परत कशी जाऊ, म्हनून. दुसरी बाई म्हनाली, छ्या, तिला राग आलाय. आत्याबाई म्हनल्या, तुला काय कळतंय, मला भाऊ हाय नरसिंहपुरात, न बोलनारा. त्या म्हनल्या, वाच.

आमचं त्या दिवशी एक पान झालं. एक! आन मला रातच्याला भाकरी करताना ती बाई दिसत व्हती, तिच्या हातातली पिशवी दिसत व्हती. मी चुलीपुढं बसून रडले, आनंदानं हो, दुसरं काय. माझं मला परत घावलं.

मग रोज चाललं आमचं. कधी पान, कधी अर्ध पान, आवडलं तर तेच पान पुन्हा. कुठं कट्टाळवानं लिहिलेलं असलं तर आत्याबाई सरळ म्हनायच्या, हे सोड, हा बोलतोय लई. भांडनं व्हायची. भावाच्या बाजूनं कोन, बहिनीच्या बाजूनं कोन. आन तात्यांना लागली खबर. आलेच फळा भरायची वही काखंत मारून. म्हनले, वा, शालनबाई, पुन्यांदा सुरू केलंत, पुस्तकाचं नाव सांगा. म्हनलं, नाव न्हाय. लेखक? न्हाय. एकूण पानं? पयली गेल्यात, किती ते म्हाईत न्हाय. मग नोंद कशी करू मी? म्हनलं, नका करू. बरं, तात्पर्य तर सांगा!

मी काय बोलनार तेवढ्यात आत्याबाई, त्या तात्यांपेक्षा थोरल्या, त्यांनी हातातला पेरू आपटला क्रेटात. म्हनल्या, दत्त्या, खाली बस न्हायतर वाटंला लाग, हिकडं ती बाई दारात उभी हाय आन तू तिची पानं मोजतूयास?

तात्या बसले. उलट्या क्रेटावर बसले, टोपी गुडघ्यावर. मी वाचत गेले, आत्याबाई सांगत गेल्या. त्या दिवसाचं पान संपवलं, पुस्तक मिटलं, तर तात्या उठंनात. म्हनले, मग? उघडलं का दार त्यानं? म्हनलं, उद्या. म्हनले, असं कसं उद्या, दोन वळी बघा की पुढच्या. म्हनलं, न्हाय.

दुसऱ्या दिवशी वेळंच्या आधी हजर. पेरू बघाय आलो म्हनले. मला वाटलं, चला, मानूस सुधारलं. कशाचं सुधारतंय! चार दिवसांनी काय म्हनत्यात, शालनबाई, हा आपला प्रयोग लई भारी हाय, असं प्रत्येक शेडमधी करू, बारामतीहून लोक बोलवू, बॅनर लावू, कुनाला तरी लिहाय लावू. आपला प्रयोग! अवो, ही काय ठिबकची लाईन हाय का, ह्या रानातली त्या रानात ओढायला? एकदा मारलं, आता जिवंत झालंय तर पुन्हा मारताय?

तुमाला बी त्यांनीच पाठवलं न्हवं? व्हय म्हना, लाजू नका. च्या घेतला तुमी, मी बोलले, माझा राग निघाला, बरं वाटलं. लिहा काय लिहायचं ते. पन गावाचं नाव घालू नका, नाव कळलं की मानसं बघाय येत्याल, शेडचा फटू न्हाय, आन त्या पुस्तकाचं नाव तर मलाबी म्हाईत न्हाय. वाचनारं मानूस एकटं सोडा, एवढं लिहा. त्याला किती इचारू नका, काय शिकलास इचारू नका, त्याच्या गळ्यात काय घालू नका.

उठा आता, आत्याबाई हाका मारत्यात. गोष्टीतल्या भावानं काल दार उघडलंय आन ती बाई अजून उंबऱ्याच्या बाहेरच उभी हाय, तात्या केव्हाचे येऊन बसल्यात. सुखी ऱ्हावा, तुमच्या हातात बी असंच एखादं पुस्तक येऊ दे, आन ते तुमच्याकडं हाय हे कुनाला कळू नये. जाताना तेवढं फाटक लावून घ्या.